पुनर्वसन : शरीराचे आणि अपेक्षेचे

"मेडम, यो चालेगो के नी?"

मॅडम, हा चालेल की नाही? माळवी बोलीतील हा प्रश्न गेल्या पाव शतकाहून अधिक काळात मी किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. इंदूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले देपालपूर हे आमचे तहसिलीचे गाव. एके काळी होळकरांच्या राज्यातले, काळ्या मातीचे, गहू आणि सोयाबीन पिकविणारे. एम.डी. झाल्यावर १९९८ साली मी येथे दवाखाना सुरू केला, तेव्हा जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषण यांच्याशीच आपला सामना होणार, अशी माझी समजूत होती. ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. परंतु ज्या विषयाने माझ्या व्यवसायाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली, तो विषय आमच्या शिक्षणात जेमतेम एखाद-दुसऱ्या व्याख्यानापुरता होता. तो विषय म्हणजे अपंगत्व आणि पुनर्वसन यांचे मानसशास्त्र.

स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा एखाद्या यशस्वी उपचाराची हकीकत लिहावी, असे प्रथम मनात आले. मग विचार केला की, डॉक्टरांच्या मंडळात यशाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. माझ्या हातून झालेल्या एका चुकीने मला जे शिकविले, ते सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

एक चिठ्ठी

१९९९ च्या आरंभीची गोष्ट. आठवडी बाजाराच्या दिवशी जवळच्या खेड्यातील एक तरुण आई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. मूल सातव्या महिन्यात जन्मलेले, जन्मतः वजनाने फार कमी. तीन वर्षांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नव्हते. पाय ताठ, उभे धरले की कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे. निदानाला वेळ लागला नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंत आलेला ताठरपणा व हालचालींतील दोष. आईने वरील प्रश्न विचारला. मी नवी होते, ज्ञान ताजे होते आणि सत्य स्पष्ट शब्दांत सांगावे, असा माझा बाणा होता. मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, हे मी तिला समजावले. या वयापर्यंत जे मूल बसत नाही, ते पुढे चालण्याचा संभव फार थोडा, हेही सांगितले. यावर औषध नाही, फार काही होणार नाही, असा समारोप केला. इंदूरला व्यायामोपचारासाठी नेता आले तर पाहा, असे जाता जाता म्हणालेही असेन. बाहेर पुष्कळ रुग्ण ताटकळत होते.

वैद्यकीय दृष्ट्या मी खोटे असे काही बोलले नव्हते.

सहा वर्षांनी, २००५ च्या पावसाळ्यात, तोच मुलगा न्यूमोनियाने आजारी होऊन माझ्याकडे दाखल झाला. नऊ वर्षांचा तो मुलगा आडवाच होता. गुडघे आणि घोटे आखडून गेलेले. ताप उतरल्यावर आई त्याला वरणभात भरवीत होती, ते मी पाहिले. त्याचे हात तपासले, तर त्यांत पुरेशी शक्ती होती. बोटांनी घास सहज उचलता आला असता. डोळे तरतरीत, खोलीतील प्रत्येक हालचाल टिपणारे. मी जरा रागानेच विचारले, "इतकी वर्षे याला असेच झोपवून ठेवलेत? हाताने खायलासुद्धा शिकविले नाही?"

त्या बाईने काही न बोलता पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात जपून ठेवलेली चिठ्ठी काढली. अक्षर माझेच होते. निदानाखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या : विशेष उपचार नाहीत. पूर्वानुमान समजावून सांगितले.

"तुम्हीच तर सांगितले होते, काही होणार नाही म्हणून," ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती.

मेंदूची इजा जन्माच्या सुमाराची होती. ती मी केलेली नव्हती. परंतु आखडलेले सांधे, कधी वापरलेच न गेलेले हात आणि छताकडे पाहत गेलेली सहा वर्षे, यांत त्या चिठ्ठीचा वाटा होता. एका निदानाच्या वेळी आपण कुटुंबाच्या हाती काय देतो, याचा विचार मी त्या दिवसापासून करू लागले.

दोष, अक्षमता आणि अडथळा

जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये या विषयाची एक मांडणी केली होती. शरीरातील अवयवाचा दोष ही पहिली पायरी, त्या दोषामुळे एखादी क्रिया करता न येणे ही दुसरी, आणि त्यामुळे समाजात वाट्याला येणारी अडचण ही तिसरी. २००१ मध्ये संघटनेने हे वर्गीकरण बदलले. दोषावरून अडचणीकडे जाणारी सरळ रेषा काढून टाकली आणि शरीर, क्रिया, समाजातील सहभाग व भोवतालची परिस्थिती या सर्वांचा परस्परांवर परिणाम होतो, असे मांडले. आपल्या देशाचा कायदाही त्याच वाटेने गेला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, व्यक्तीचा दोष आणि समाजातील अडथळे यांच्या संयोगातून तिचा सहभाग खुंटतो, हे नव्या कायद्याने व्याख्येतच मान्य केले.

माझ्या या छोट्या रुग्णाला ही मांडणी लावून पाहू. त्याच्या मेंदूतील दोष कायमचा होता. चालणे ही क्रिया त्याला अशक्यप्राय होती. पण हाताने जेवणे, ओटल्यावर बसून रस्ता पाहणे, शाळेत जाणे, मित्राशी भांडणे, या गोष्टी मेंदूच्या त्या दोषामुळे बंद पडलेल्या नव्हत्या. त्या कोणी सुरूच केल्या नव्हत्या. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील किती जणांच्या अडचणी शरीराच्या आहेत आणि किती आपण घातलेल्या आहेत, हे कोणतीही जनगणना सांगू शकणार नाही.

ग्रहणाचा डाग

मुलाचे पुनर्वसन सुरू करायचे, तर ते आईपासून करावे लागते, हे मला याच कुटुंबाने शिकविले. न्यूमोनिया बरा झाल्यावर मी त्या आईला निवांत बसवून घेतले आणि प्रथमच असे विचारले, "हे असे का झाले असावे, असे तुम्हाला वाटते?"

बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "दिवाळीतले ते ग्रहण होते ना, तेव्हा मी विळीवर बसून भाजी चिरली होती." २४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या वेळी तिला चौथा महिना होता. सासूने बजावले होते, तरी कामाच्या घाईत ती विसरली. दहा वर्षे ती आपल्या मनाशी तो डाग वागवीत होती. सातव्या महिन्यातील प्रसूती, अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या मेंदूतील नाजूक भाग आणि त्याला होणारी इजा, हे सारे मी तिला त्या दिवशी कागदावर चित्र काढून समजावले. १९९९ मध्ये मी 'पूर्वानुमान समजावले' असे लिहिले होते. कारण मात्र समजावलेच नव्हते. जिला स्वतःलाच अपराधी वाटते, ती आई मुलाला कष्ट द्यायला धजत नाही. व्यायामाच्या वेळी मूल रडले की तिला ती आणखी एक शिक्षा वाटते. तिची सारी माया मुलाला जपण्यात, भरविण्यात, उचलून घेण्यात खर्च होते. आपण ज्याला अतिसंरक्षण म्हणतो, ते अनेकदा प्रायश्चित्त असते.

आई-वडिलांच्या दुःखाविषयी डॉक्टरांमध्ये एक समज रूढ आहे. आधी धक्का, मग नकार, मग संताप आणि शेवटी स्वीकार, अशा पायऱ्या चढून कुटुंब एकदाचे वर पोहोचते, असे आपण मानतो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पायऱ्या मरणोन्मुख रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेल्या होत्या. अपंग मुलाचे आई-वडील रोज त्या मुलाबरोबर जगत असतात. त्यांच्या संदर्भात सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्येच चिरकालीन दुःख ही कल्पना मांडली होती. हे दुःख संपत नाही, पण ते आजारही नव्हे. एरवी ते शांत असते आणि ठरावीक प्रसंगी वर येते : धाकटे भावंड चालू लागते तेव्हा, शेजारची मुले दप्तर घेऊन निघतात तेव्हा, घरात लग्नकार्य निघते तेव्हा. अशा वेळी आई रडली, तर तिने अजून 'स्वीकार' केलेला नाही, असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. डोळे पुसून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलाचे पाय ताणायला बसते, हाच तिचा स्वीकार.

'बिचारा' या शब्दाचे वजन

दुसऱ्या महायुद्धानंतर तमारा डेम्बो आणि बीट्रिस राइट या मानसशास्त्रज्ञांनी जखमी सैनिकांशी बोलून अपंगत्वाचे मानसशास्त्र अभ्यासले. राइट यांचा या विषयावरील ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील दोन निरीक्षणे आपल्या माळव्यातील ओटल्यावर बसून लिहिली असावीत, इतकी खरी आहेत.

पहिले निरीक्षण असे की, एका अवयवाचा दोष पाहणाऱ्याच्या मनात सर्व व्यक्तिमत्त्वावर पसरतो. पाय अधू असले की बुद्धीही अधू असणार, असे आपण नकळत धरून चालतो. आंधळ्या माणसाशी मोठ्याने बोलतो. चाकाच्या खुर्चीतील तरुणाला पाणी हवे का, हे त्याच्या भावाला विचारतो. दुसरे निरीक्षण असे की, धडधाकट माणसाला अपंग व्यक्ती दुःखी असावी, अशी अपेक्षा असते. ती आनंदात दिसली की आपल्याला चमत्कारिक वाटते, कारण ज्या अवयवांवर आपण आपल्या सुखाची मदार ठेवली आहे, त्यांच्यावाचूनही कोणी सुखी होऊ शकते, हे पचविणे अवघड जाते. अल्ब्रेक्ट आणि डेव्हलीगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अपंग व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा गंभीर स्वरूपाचे अपंगत्व असणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपले जीवनमान चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला हे खरे वाटत नाही. त्यात डॉक्टरही आले.

या दोन्ही चुका मी स्वतः केल्या आहेत. २००५ नंतर तो मुलगा दर महिन्याला येऊ लागला. मी त्याच्या आईशी बोलत असे, त्याचे पाय तपासत असे, प्रगतीची नोंद करीत असे. त्याच्याशी मात्र 'काय रे, बरा आहेस ना?' यापलीकडे काही बोलले नव्हते. तो सतरा वर्षांचा झाला त्या वर्षी त्याच्या बहिणीचे लग्न झाले. त्यानंतर काही दिवसांनी आई सांगत आली की, तो जेवत नाही, बोलत नाही, अभ्यास सोडला आहे. मी आईला बाहेर बसायला सांगून प्रथमच त्याच्याशी एकटीने बोलले. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आले, तेव्हा घरच्यांनी त्याला मागच्या खोलीत नेऊन बसविले होते. कोणाची वाईट नजर नको, कोणी काही विचारायला नको, असा त्यांचा हेतू. तो म्हणाला, "मला चालता येत नाही, याची सवय आहे. मला आत बसवतात, याची सवय होत नाही."

वाचकहो, अपंगत्वाच्या मानसशास्त्रावर मी पुष्कळ वाचले आहे. हे वाक्य मात्र माझ्या स्मरणात अगदी वरच्या जागी आहे.

कोल्हापूरची चाकाची खुर्ची

ग्रंथांतील सिद्धान्त मनात रुजायला एखाद्या जिवंत उदाहरणाची गरज असते. माझ्यासाठी ते काम नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाने केले. खेळकर, हसत्या मुलीला सोळाव्या वर्षी दोन्ही पायांचा पक्षाघात होतो. उपचारांमागून उपचार होतात, गुण येत नाही, आणि जगण्याची इच्छाच मावळते. या अंधारातून त्यांना बाहेर काढले ते कोणत्या औषधाने नव्हे. बाबूकाका दिवाण या गृहस्थांची भेट झाली. ते स्वतः त्याच व्याधीने चाकाच्या खुर्चीत होते आणि तरीही स्वावलंबी आयुष्य जगत होते. आपल्यासारख्याच देहाने कोणी जगून दाखवीत आहे, हे प्रत्यक्ष पाहणे हाच तेथे उपचार ठरला. नसीमाताईंनी शिक्षण पूर्ण केले, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'घरौंदा' या वसतिगृहात अपंग मुले राहून शिकू लागली. सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा प्रकल्प उभा राहिला, ज्यात काम करणारे हात अपंगांचेच होते. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हाच विचार १९४९ पासून प्रत्यक्षात आणला होता. दयेपेक्षा काम माणसाला अधिक लवकर उभे करते, हा तो विचार.

या उदाहरणातून मी एक व्यावहारिक धडा घेतला. समदुःखी व्यक्तीचा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा खोल जातो. तेव्हापासून नवे निदान झाले की, मी त्या आईची गाठ एखाद्या जुन्या आईशी घालून देते. बाजाराच्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत चार-पाच जणी जमतात. पायाला पट्टी कशी बांधावी, गुळाची चिक्की कोणत्या वयात चावता येते, सासूला काय उत्तर द्यावे, असे सारे तेथे निघते. मी तेथे बसत नाही. डॉक्टर समोर असले की त्या बोलत नाहीत.

अपेक्षा किती आणि कशाची?

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन यांच्या प्रयोगांत दिसून आले की, आपण काहीही केले तरी त्रास टळत नाही, असा अनुभव वारंवार आलेला प्राणी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही प्रयत्न करीत नाही. असहायता शिकता येते. एडवर्ड टॉब यांनी याच्या जवळचीच गोष्ट हाता-पायांच्या संदर्भात दाखविली. इजा झालेला अवयव सुरुवातीला साथ देत नाही, म्हणून प्राणी तो वापरणे सोडतो आणि पुढे शक्ती परत आली तरी तो न वापरण्याचीच सवय राहते. माझ्या रुग्णाचे हात मला येथे आठवतात. घास भरविणारी आई, उचलून नेणारे वडील आणि 'काही होणार नाही' म्हणणारी डॉक्टर, असे आम्ही तिघे त्याला असहायता शिकवीत होतो.

याच्या उलट उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेले रुग्ण फार दिवस जगत नाहीत, अशी दुसऱ्या महायुद्धापूर्वी सर्वसाधारण समजूत होती. ते जगावेत या दृष्टीने प्रयत्नही फारसे होत नसत. नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे ही समजूत नाकारली. शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग टाळला, रुग्णांना कुशीवर वळविले, बसविले, कामाला लावले आणि १९४८ मध्ये त्यांच्यासाठी धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा जन्माला आल्या. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारा हा जवान पुढे जलतरणाकडे वळला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे त्याने भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच व्यवसायातील डॉ. सुरेश अडवाणी आठव्या वर्षी पोलिओने अधू झाले. अपंगत्वामुळे त्यांना वैद्यकीय प्रवेश आधी नाकारला गेला होता. चाकाच्या खुर्चीतून त्यांनी मुंबईत कर्करोगावर उपचार केले आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात देशात आद्य प्रवर्तकांचे काम केले.

अशी उदाहरणे सांगताना एक सावधगिरी हवी. प्रत्येक अपंग मुलाने पदक मिळवावे, ही अपेक्षाही एक ओझेच आहे. आणि दुसऱ्या टोकाला खोट्या आशेचा बाजार आहे. मूल 'पूर्ण बरे' करून देण्याच्या आश्वासनावर जमीन गहाण टाकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. मूलपेशी उपचारांची जाहिरात वाचून दूरच्या शहरांत लाखो रुपये खर्चून आलेले पालक पाहिले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताशी संबंधित काही मान्य आजार वगळता मूलपेशींचा उपचार म्हणून वापर करण्यास परवानगी दिलेली नाही. दोष नाहीसा होण्याची आशा आणि क्रिया वाढण्याची आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण सहसा देऊ शकत नाही. दुसरी न देणे हा अपराध आहे. माझी १९९९ ची चूक हीच होती की, पहिली काढून घेताना मी दुसरीही काढून घेतली.

आपण काय करू शकतो?

माझ्या सहव्यावसायिकांसमोर आणि समाजबांधवांसमोर काही सूचना नम्रपणे ठेवते.

पहिली सूचना निदान सांगण्याविषयी. ते शक्यतो आई आणि वडील दोघांना एकत्र, बसवून, दार लावून सांगावे. घरी गेल्यावर उद्यापासून काय करायचे, याची एक तरी सोपी गोष्ट हाती द्यावी. 'काही होणार नाही' हे वाक्य आपल्या शब्दकोशातून काढून टाकावे. त्याऐवजी 'हे जाणार नाही, पण पुष्कळ काही करता येईल' असे म्हणावे आणि काय करता येईल, ते लिहून द्यावे.

दुसरी, मुलाशी बोलावे. त्याला उत्तर देता येत नसले तरी आधी त्याच्याकडे पाहून बोलावे. आपण ज्याच्याशी बोलतो, त्याला घरचेही माणूस म्हणून मोजू लागतात.

तिसरी, उपचारांचे ध्येय कुटुंबाच्या जीवनातून घ्यावे. कॅनडातील पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ मध्ये अपंग मुलांसाठी सहा गोष्टी महत्त्वाच्या मानल्या : कार्यक्षमता, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मैत्री आणि भविष्य. आपल्या केसपेपरवर यांतील मौज आणि मैत्री यांची नोंद कधी होते का, हे तपासून पाहावे.

चौथी, धाकट्या-थोरल्या भावंडांना विसरू नये. घराचे सारे लक्ष एका मुलाकडे वळले की दुसरे मूल मुकाट्याने शहाणे होते. त्या शहाणपणाची किंमत त्याने मोजलेली असते.

पाचवी, व्यवस्थेची माहिती ठेवावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी तपासणी होते. अपंगत्वाचे प्रमाण ठरावीक मर्यादेवर असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा अधिकार कायद्याने दिला आहे. सहायक साधनांसाठी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. खेड्यातील पालकांना हे डॉक्टरांनी सांगितले नाही, तर सहसा कोणी सांगत नाही.

आणि सहावी सूचना समाजासाठी. अलीकडच्या काळात सरकारी व्यवहारात 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द चांगला असेल, परंतु शब्द बदलून माणसाची जागा बदलत नाही. आपल्या गणेशोत्सवात, हळदीकुंकवात, कोजागिरीला, लग्नकार्यात अशी मुले येतात का? मांडवाला एक उतार असतो का? आली, तर त्यांना पुढच्या रांगेत बसविले जाते की मागच्या खोलीत? पुनर्वसन केंद्रात जे महिनोन्महिने शिकविले जाते, ते एका समारंभात पुसले जाऊ शकते.

शेवटी

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. नवव्या वर्षी त्याने पहिला घास स्वतःच्या हाताने घेतला. अर्धा सांडला. मी आईला तो पुसू दिला नाही. देपालपूरच्या एका सुताराने मी काढून दिलेल्या चित्रावरून कोपऱ्याच्या आकाराची खुर्ची करून दिली, ज्यात पाठीला दोन्ही बाजूंनी आधार मिळून तो बसू लागला. आखडलेल्या स्नायूंवर इंदूरला शस्त्रक्रिया झाली. एका शाळेने नकार दिला, दुसरीने घेतले. वडील त्याला सायकलवरून पोहोचवीत. हाताने चालविण्याची तीन चाकी सायकल आली. बहिणीच्या लग्नानंतरचे ते वर्ष फार कठीण गेले. वडिलांशी मला दोन वेळा बोलावे लागले. तिसऱ्या वेळी तेच म्हणाले की, धाकट्याच्या लग्नात आहेराची वही त्याच्याच हाती देऊ. तशी दिलीही.

आज तो तिशीच्या घरात आहे. गावातील दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ बसतो. दुधातील स्निग्धांश मोजतो, संगणकावर नोंदी करतो, हिशेब चोख ठेवतो. भाव कमी लागला म्हणून कुरकुर करणाऱ्यांशी हुज्जतही घालतो. त्याच्या पगारावर आई-वडिलांचे घर चालते. सहा वर्षे वाया गेली नसती, तर त्याचे सांधे अधिक मोकळे राहिले असते, शिक्षण अधिक झाले असते, हे मला ठाऊक आहे. त्याला व त्याच्या आईलाही ठाऊक आहे. त्यांनी मला ते कधी बोलून दाखविले नाही.

काही महिन्यांपूर्वी त्याची आई नातवाला लस द्यायला घेऊन आली होती. मीच तिला तिच्या जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली. म्हटले, "तुम्ही विचारले होते, हा चालेल की नाही. नाहीच चालला शेवटी." ती हसली आणि म्हणाली, "वो नी चाल्यो, मेडम. पण घर तो चलई रियो है."

ती जुनी चिठ्ठी मी तिच्याकडून मागून घेतली आहे. माझ्या टेबलाच्या खणात ती असते. नवे निदान सांगण्याचा प्रसंग आला की, दार लावण्यापूर्वी मी तो खण एकदा उघडते.